हंगामशेट आणि माझे वाल

हंगामशेटची कबड्डीची लीग दरसाल बुडायची, पण ‘बुडाली’ हा शब्द त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकला नाही. संघ पळाले, मंडप उतरला, माणसं घरी गेली, तरी हा घाम पुसून म्हणायचा, “हंगाम संपला. पुढल्या हंगामाला बघू.” म्हणून कर्जत-खालापुरात त्याला हंगामशेट म्हणत. चेष्टेनंच म्हणत. तोही खुशाल ओ द्यायचा.

शिळफाट्यावर त्याचं रंगाचं दुकान होतं. पण जीव सगळा कबड्डीत. आमच्याकडे कबड्डी म्हणजे जुनी कमिटी. खेळ पोरांचा, बॅनरवर फोटो अध्यक्षांचा. जिंकलात तर ढाल, नारळ आणि टॉवेल. गुडघा फुटला तर हळद घरची. शेटला ते खपत नव्हतं. मला म्हणाला, “नाना, भात कापायला गडी आला तर त्याला रोज देता ना तुमी? मग ह्यो पोरगा तुमच्याच शेतात अंग सोलून घेतो, त्याला काय नुसता टॉवेल?” मी चौथी नापास, पण रोजाचा हिशोब मला कळतो.

शेत माझंच होतं. कडावला रस्त्याला लागून. भात निघालं की आमच्याकडे त्याच ओलीवर वाल पेरतात. मी मात्र तेवढं एक शेत कमिटीच्या स्पर्धेसाठी मोकळं ठेवायचो, कारण माझा बाप ठेवायचा. मला कुणी विचारत नव्हतं, मीही काही म्हणत नव्हतो. शेटनं आपली लीग काढली ती त्याच शेतावर, पण शिमगा झाल्यावर. “आदी त्यांचं आटपू दे,” म्हणाला. “त्यांच्या ताटातला घास नको आपल्याला.” चार संघ केले, खेळाडूंना रोज ठरवला. पांढरी पँट घालून स्वतः चुन्याच्या फक्कीच्या रेषा मारायचा आणि कमरेत वाकलेलाच विचारायचा, “नाना, सरळ हाय ना?” नसायची. मी हाय म्हणायचो.

त्याचा भाचा अमेरिकेत. त्यानं फोनवर सांगितलं, तिकडे फुटबॉलची एक मोठी लीग आहे, तिच्यासमोर दर थोड्या वर्षांनी कुणीतरी दुसरी काढतो. मोठीचा हंगाम संपला की हे खेळतात. कधी अर्ध्यातच गाशा गुंडाळतात. चेंडू हातात धरून पळतात म्हणे.

“हातात? मग पायाचं काय करतात?” मी शेटला विचारलं.

“ते सोडा हो नाना. ऐका तर. एवढे पैशेवाले, तरी बुडतात. आनि तरी कोनीतरी परत काढतोच. मग आपन का लाजायचं?” त्या दिवशी एवढा खूश होता, की गिऱ्हाईकाला निळ्याऐवजी हिरवा डबा दिला.

दुसऱ्या हंगामाला कमिटीनं दात दाखवले. शेटकडे खेळेल त्याचं नाव जिल्ह्याच्या संघातून कट. जिल्हा खेळल्याशिवाय नोकरीच्या भरतीत खेळाडूची जागा नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पोरं एकेक करून गळाली. ठाकुरवाडीचा चढाईवाला, शेटचा सगळ्यात लाडका, घडी घातलेली जर्सी घेऊन आला आणि मान वर करीना. शेटनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. “जा रं. नोकरी लागली की पेढे आन.”

मी पेटलो होतो. शेट मलाच म्हणतो, “राग नका धरू, नाना. तुमचं बीपी वाढंल.” त्याला राग धरताच येत नव्हता. तेवढं एक काम त्यानं माझ्यासाठी ठेवलं.

तिसऱ्या हंगामाला दोनच संघ उरले. तेच एकमेकांशी खेळत राहिले, आणि शेट प्रत्येक सामन्याला नारळ फोडत राहिला. त्या पावसाळ्यात तो गेला. दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या.

शोकसभेला अध्यक्ष बोलले. “थोडी वाट चुकला, पण आमचाच माणूस होता.” मग जाहीर केलं, यंदाची स्पर्धा त्याच्या नावानं, नेहमीच्या मैदानावर. मी समोरच बसलो होतो. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. भात निघाल्यावर त्या शेतात वाल पेरले.

तोवर शेताकडे कुणी फिरकलं नाही. स्पर्धेला चार दिवस राहिले तेव्हा रोलर आला, मागून मंडपाचा टेंपो. शेंगा लगडल्या होत्या. अध्यक्ष गाडीतून उतरले.

“नाना, हे काय?”

“वाल हायत.”

“अहो, बॅनर लागलेत! मला विचारायचं तरी!”

“तुमी मला विचारलंत?”

“इतकी वर्षं कधी विचारलं होतं का?”

“नाय ना? म्हनूनच.”

ते हात जोडायला लागले. “त्याच्या नावासाठी तरी, नाना.”

“जित्तेपनी त्याचे गडी पळवलेत. आता त्याच्या नावाची ढाल वाटता?”

रोलर मागं फिरवताना ड्रायव्हर हसत होता, ते मी बघितलं. आयुष्यात इतकं गोड काही मी खाल्लेलं नाही.

ज्या दिवशी त्यांचा अंतिम सामना व्हायचा होता, त्या संध्याकाळी मी त्याच बांधावर पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, माझ्याच वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, अंडी, आणि मडक्याभोवती जाळ. शेटची सगळी जुनी पोरं आली. ठाकुरवाडीचाही आला, नोकरीला लागलेला, हातात पेढ्यांचा पुडा. कुणाला द्यावा हे त्याला कळेना. माझ्या पडवीत शेटचं फक्कीचं उरलेलं पोतं आहे, त्यावर नेऊन ठेवला.

शेट असता तर मला ओरडला असता, त्यांचं मैदान त्यांना देऊन टाका म्हणाला असता. त्याचं सगळं ऐकलं, एवढं ऐकणार नाही. शिमग्यापर्यंत वाल निघतात. मग शेत मोकळं असतं, आणि ती पोरं आली तर फक्की आहेच. रेष वाकडी मारायला मी आहे.

आता वर्ष उलटलं. परवा अध्यक्षांनी माणूस धाडला होता. यंदा रीतसर विचारतोय, शेत द्याल का? मी त्याला चहा पाजला आणि निरोप दिला, “पुढल्या हंगामाला बघू.”