आबांचं मशीन आणि एकवीसचा आकडा

मशीन घरघरत होतं, आबांच्या नाकात नळी होती आणि माझ्या हातातला अ‍ॅनालायझर एकवीस दाखवत होता.

अ‍ॅनालायझर म्हणजे ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र. तुम्ही-आम्ही घेतो त्या साध्या हवेत शंभरात एकवीस भाग ऑक्सिजन असतो. आबांना दिलेल्या मशीनमधून नव्वदच्या वर यायला हवा. मी नळी झटकली, पुन्हा लावली. एकवीस. दाराकडे हात लांब करून बाहेरची हवा मोजली. तीही एकवीस. म्हणजे आबा नळीतून जे घेत होते, ते नळीशिवायही मिळत होतं. आणि तेही फुकट, विजेचं बिल न भरता.

मी मिंगेल. आखाती देशात बरीच वर्षं हॉस्पिटलची मशीनं दुरुस्त केली. सुट्टीवर मालवणला आलो आणि टाळेबंदीत विमानं बंद झाली, तो इथलाच झालो. त्या वर्षी आमच्या चर्चची पोरं आणि शेजारच्या वाडीचं मंडळ एकत्र आलं. मुंबईकर आणि आखातवाल्या नातेवाइकांच्या मागे लागून त्यांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी मशीनं, घेतले. गरज असेल त्याच्या घरी न्यायचे, बरं वाटलं की परत आणायचे. गावात एखाद्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिसला की तो सगळ्याचा मेकॅनिक होतो. त्यामुळे मशीनं माझ्या गळ्यात पडली.

न्यायला सगळे धावत येत. परत द्यायला कोणी येत नसे.

वर्षाचा शेवटचा दिवस होता. सकाळी कसालहून प्रकाश नावाच्या रिक्षावाल्याचा फोन आला. त्याची बायको सुलभा ओरोसच्या सरकारी हॉस्पिटलात वॉर्डात होती. जीव वाचला होता, पण फुप्फुसं अजून अशक्त होती. "डॉक्टर सांगतत, घराक मशीन असात तरच सोडतले," तो म्हणाला. घरी लहान मुलगी होती. तिने आईला महिनाभर फक्त मोबाइलवर बघितलं होतं.

आमची सगळी चालू मशीनं बाहेर होती आणि ज्यांच्याकडे होती त्यांना गरज होती. अपवाद आबांचा. आबा म्हणजे वाडीतले जुने तांडेल, होडीवरच्या खलाशांचे म्होरके. आजारातून उठून त्यांना बरेच दिवस झाले होते. डॉक्टरांनी दिवाळीपूर्वीच नळी बंद करायला सांगितलं होतं. पण नळी काढली की आबांना धाप लागे, छाती धडधडे, आणि घरचे घाबरून ती परत लावत. मी दोनदा मशीन मागायला गेलो होतो आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो होतो. तिसऱ्यांदा जाताना ठरवलं होतं, आज भांडण झालं तरी बेहत्तर.

पण भांडायचं कशावरून? मशीनच मेलं होतं.

ते ठेवलं होतं पडवीत, समुद्राच्या तोंडावर, आणि लांब नळी आत आबांच्या खाटेपर्यंत आणली होती. मी कपाळावर हात मारला. या मशीनच्या पोटात झिओलाइटचे दाणे असतात. हवा त्यांच्यातून दाबाने जाते, दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. दाण्यांचा एकच वैरी, तो म्हणजे दमट हवा. एकदा ओल शोषली की ते काहीच धरत नाहीत. इथे तर रात्रंदिवस खारा वारा त्यांच्या पोटात जात होता.

"पडवीत कित्याक ठेवलात?" मी काकींना विचारलं. काकी म्हणजे आबांची बायको.

त्या म्हणाल्या, मशीन हवेतला ऑक्सिजन ओढतं असं मीच सांगितलं होतं. मग घरातली चुलीच्या धुराची हवा देण्यापेक्षा दर्याची चांगली हवा का देऊ नये? शिकलेल्या इंजिनियरांनी याहून वाईट तर्क केलेले मी पाहिले आहेत.

"आणि पिवळो दिवो लागूक नाय?"

ऑक्सिजन कमी पडला की लागणारा तो दिवा लागला होता. त्यावर काकींनी औषधाची चिकटपट्टी लावली होती. शेजारच्या भोकात कापूस कोंबला होता, कारण तिथून आवाज येत असे. "रात्री टुकटुक करता आणि ह्यांची झोप मोडता. म्हणान पट्टी लावलंय." कधी लावली? तुळशीच्या लग्नाआधी.

म्हणजे महिन्याहून जास्त दिवस आबा साध्या हवेवर होते. मी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. सत्त्याण्णव, म्हणजे धडधाकट माणसाइतका. मी बाहेर येऊन डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते हसले. "मी इतके दिवस समजावत होतो त्यापेक्षा तुमचं बिघडलेलं मशीन बरं," म्हणाले. "घेऊन जा. पण त्यांना खरं सांगा. परवा मी स्वतः येऊन तपासतो."

खरं सांगा म्हणणं सोपं होतं. काकींनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "ह्यांका सांगू नको. सर्विसाक नेतंय म्हण, आणि दुसरा आणून ठेव." आणायला दुसरं चालू मशीन नव्हतंच. आणि हट्टाचं कारण त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. आबांचा धाकटा भाऊ त्याच लाटेत गेला होता. शेवटचं बघायलाही मिळालं नव्हतं. कोणीतरी आबांच्या कानावर घातलं की ऑक्सिजन काढला म्हणून तो गेला. खरं-खोटं देव जाणे. पण तेव्हापासून आबा झोपेतही नळी हाताने चाचपत. मी घरून राग घेऊन निघालो होतो. तो तिथे चुलीपाशीच संपला आणि मला फार वाईट वाटलं.

पण सुलभाही ओरोसला वाट बघत होती.

मी खाटेजवळ जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाचा कार्यक्रम होता. भाषणं नकोत, असं पोरांनी ठरवलं होतं. वर्षभर ज्यांनी घरोघरी धान्य पोचवलं, आजाऱ्यांना नेलं-आणलं, गेलेल्यांना खांदा दिला, त्यांनी जमायचं आणि देवाला गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने एकाने खड्या आवाजात केलेली विनवणी; बाकीचे तिला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. वाडीत ते पिढीजात आबांच्या घराकडे. यंदा आबांनी नाही म्हटलं होतं.

"आबा, उद्या गाऱ्हाणा कोण घालतलो?" मी विचारलं.

"कोणय घालूंदेत. माका दम नाय."

"मगे मी घालतंय. माका शिकवा."

आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे. "तू? तुका ‘बा देवा म्हाराजा’च्या फुडचा एक अक्षर तरी येता?"

"नाय. म्हणान तर विचारतंय."

आबा उठून बसले. पहिली ओळ माझ्याकडून म्हणून घेतली. माझे उच्चार ऐकून त्यांचं तोंड कडू झालं. दुसरी ओळ त्यांनी स्वतःच म्हटली, आणि मग थांबलेच नाहीत. "बा देवा म्हाराजा, गेल्या वर्सात जा काय झाला ता झाला. वाट सोडून गेलले तेंका तुझ्या पायाकडे जागो दी. दर्यार आसा तेका किनाऱ्याक लाव, परगावाक आसा तेका राजीखुशी घराक आण, ह्या वाडीर कोणाची वाकडी नजर पडली असात तर ती सरळ कर, रे म्हाराजा..." लाटांवरून हाका मारलेला तो आवाज. पडवीपलीकडे जाळी विणणारा एकजण मान वर करून बघू लागला. स्वयंपाकघरातून काकींचं "व्हय म्हाराजा" आलं आणि त्यात रडू मिसळलेलं होतं.

ते संपल्यावर मी अ‍ॅनालायझर पुढे धरला आणि सगळं सांगितलं, ओरोसला वाट बघणाऱ्या बाईचंही. आकडा आधी हवेत दाखवला, मग नळीपाशी. चिकटपट्टी काढून पिवळा दिवाही दाखवला. आबांनी अ‍ॅनालायझर स्वतःच्या हातात घेतला आणि पुन्हा दोन्हीकडे धरून पाहिला. होकायंत्र बिघडलं की काय ते बघावं तसं.

"मगे माका इतके दिस जगवल्यान कोणी?" त्यांनी विचारलं.

"पेज मी भरवलंय," काकी दारातून म्हणाल्या. "मशिनीन नाय."

आबांनी नळी नाकातून काढली, नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. श्वास जोरात चालू झाला होता. मी ऑक्सिमीटर त्यांच्या डोळ्यांसमोर धरला, आकडा हलला नाही आणि हळूहळू श्वासही शांत झाला. "ज्या बायेक देवचा आसा तिचा नाव काय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

माझ्या घरी कॉम्प्रेसर जळालेलं एक मशीन पडलं होतं. त्याचे दाणे कोरडे होते. ते काढून आबांच्या मशीनमध्ये बसवले, नळी बदलली आणि मशीन चालवत ठेवलं. आकडा नव्वदच्या वर जाऊन तिथेच राहिला तेव्हा ते गाडीत टाकलं. वाटेत आमच्या पोरांनी सरत्या वर्षाचा पेंढ्याचा म्हातारा जाळायला उभा केला होता. त्याच्या तोंडाला मास्क होता. कसालला पोचल्यावर प्रकाशने कौतुकाने जागा दाखवली. मागचं दार, न्हाणीला लागून. छान हवा येते म्हणाला. मी मशीन उचलून आतल्या कोरड्या खोलीत ठेवलं आणि दिव्यावर काहीही चिकटवायचं नाही हे दोनदा सांगितलं. संध्याकाळी सुलभा घरी आली.

दुसऱ्या दिवशी आबा देवळापर्यंत चालत आले. मागून काकी, हातात ऑक्सिमीटर. आबांनी गेलेल्यांची नावं घेतली. धाकट्या भावाच्या नावाशी अडखळले, थांबले, पुन्हा घेतलं. ते दम लागून थांबले नव्हते, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. मग शेवटी म्हणाले, "बा देवा म्हाराजा, कसालची सुलभा म्हणान एक बाय आसा. तिच्या मशिनीचो दिवो पिवळो होव दिव नको, रे म्हाराजा." गर्दीत निम्म्यांना काही समजलं नाही. तरी सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मीही म्हणालो, आणि मोठ्याने म्हणालो.

शिमग्याच्या सुमारास सुलभा मुलीला घेऊन स्वतः मशीन परत द्यायला आली. दिवा हिरवा होता. तरी मी अ‍ॅनालायझर लावून पाहिलाच. तेव्हापासून माझा नियम आहे. दिव्यावर विसंबून राहायचं नाही, आणि माणूस "माका दम नाय" म्हणाला तरी एकदा मोजून बघायचं.