सूर्यफुलाच्या तेलाचं उत्तर

पोळ्यानंतरच्या मंगळवारी हे गेले. सूर्यफूल शेतात उभं होतं.

शाळेत ते विज्ञान शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांना एकच गोष्ट ताडून पाहायची होती. सूर्यफूल पिकवायला जेवढं इंधन जळतं, त्याहून जास्त त्याच्या तेलातून मिळतं का? सगळं ते डिझेलच्या लिटरात मांडायचे. नांगरटीचं डिझेल, युरियासाठी कारखान्यात जळलेला गॅस, मोटारीच्या विजेसाठी परळीला जळलेला कोळसा. वहीच्या डाव्या पानावर शेतात गेलेलं लिहीत, उजव्यावर शेतातून येईल ते. उजवं पान कोरं होतं.

माणसांच्या कामाला त्यांनी रकानाच ठेवला नव्हता. मी हटकलं तेव्हा म्हणाले, आपण काम केलं काय अन् न केलं काय, भाकरी खाणारच की.

दाणा भरला की पोपट उतरतात. आम्ही दोघं दोन बांधांवर बसून डबे वाजवायचो. सुतकाचे दहा दिवस घरातलं कोणी शेतात गेलं नाही आणि दुसऱ्या कुणाला राखणीला बसवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. अकराव्या दिवशी मी गेले, तर विहिरीकडची सगळी फुलं पोकळ झाली होती.

उरलेल्याची कापणी केली, बडवून बी काढलं, माजलगावच्या घाण्यावरून तेल आणलं. तेलाचं बायोडिझेल करायची पुढची कृती वहीत त्यांच्या अक्षरात होती. त्याबरहुकूम तेलात मेथॅनॉल आणि कॉस्टिक मिसळलं, खाली बसलेला साका वेगळा केला. मेथॅनॉलही डाव्या पानावर चढवलं. मग दोन्ही पानांची बेरीज केली. डावं पान जड भरलं.

धाकटे दीर ओसरीवर बसले होते. म्हणाले, "वैनी, पोपटानं खाल्लेले दाणे बी धरा की. दादाचं खरं निघंल. कोण बघायलंय?"

मी पेन टेकवलं होतं. खाल्लेल्या ओळी मोजून तेवढा आकडा घालणं अवघड नव्हतं, आणि तो खोटाही म्हणता आला नसता. पण मग ते त्यांचं उत्तर राहिलं नसतं.

"भाऊजी, त्यांनी निघालेलंच तेल मोजलं असतं."

निघालं तेवढंच लिहिलं. खाली एक ओळ घातली: दहा दिवस राखण नव्हती.

या वर्षी त्या रानात दिरांनी सोयाबीन पेरलंय. बायोडिझेलचा कॅन भरलेला आहे. विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन चालू करणारं घरात कोणी नाही.