अंगठ्याच्या ठशाचे लाडू

बायकोचा फोन आला तेव्हा मी शीवच्या सिग्नलला टॅक्सीत अडकलो होतो. "काकी गेली," एवढंच ती म्हणाली. दसरा दोन दिवसांवर होता... काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. तिला मूलबाळ नव्हतं. आईच्या बरोबरीने तिनेच मला वाढवलं, लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत. पुढे चाळ पाडून त्याच जागी टॉवर उभा राहिला, तिथे आम्ही सहाव्या मजल्यावर आलो. बाराव्याला जो येईल तो सांगत होता, "बाई साधी हो, मनात काही ठेवायची नाही." मी मान डोलवत होतो आणि मनात म्हणत होतो, अरे, कोण म्हणतं? सगळं ठेवायची! घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची आणि दर दिवाळीला डबा उघडायची.

गिरणी संपाच्या पहिल्या दिवाळीला मी नऊ वर्षांचा होतो. बाबा आणि काका एकाच मिलमध्ये साचेखात्यात, त्यामुळे दोघेही घरी. रॉकेल होतं ते सकाळच्या भातापुरतं. कढई फळीवर पालथी, चकलीचा सोऱ्या ट्रंकेत. आमच्याच मजल्यावर, कोपऱ्यातल्या मोठ्या खोलीत सरोजकाकू राहायच्या. यजमान सरकारी कचेरीत, पगार चालू. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी त्या फराळाचं ताट घेऊन आल्या. स्टीलचं ताट, काठावर यजमानांचं नाव कोरलेलं, त्यात चकल्या, चिरोटे, बेसनाचे लाडू. ताट आईच्या हातात देऊन, अख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "यंदा ताट रिकामं आलं तरी चालेल हो. आम्हाला काय कळत नाही का!"

चाळीत फराळाचं ताट रिकामं परत जात नाही. निदान चार दाणे साखर तरी ठेवतात. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. काकीच्या डोळ्यांत मात्र मी जे बघितलं, ते पाणी नव्हतं. "ताट रिकामा जाऊचा नाय," ती म्हणाली. आई म्हणाली, "अगो, पण स्टोव्ह?" काकीने गॅलरीतल्या आम्हा पाच पोरांना आत ओढलं. "स्टोव्ह कित्याक व्हयो? पोरांचे हात आसत मा!"

मग मोरीजवळच्या चार हात जागेत आमचा कारखाना सुरू झाला. डाळं होतं, गूळ होता, देवासमोरच्या सुक्या खोबऱ्याची वाटी होती. मी खलबत्त्यात डाळं कुटलं, कुणी गूळ किसला, कुणी खोबरं किसताना बोट किसून घेतलं आणि शिव्या खाल्ल्या. तूप नव्हतं. लाडू काही केल्या वळेना, भुगाच होत राहिला. काकीने खुंटीला टांगलेल्या पिशवीतून एक काळं पडलेलं केळं काढलं, त्यात कुस्करलं, आणि काय सांगू, लाडू वळले! केळ्याचे म्हणून टिकणारे नव्हते, त्याच दिवशी खायचे. शेवटी तिने प्रत्येकाला लाडवावर अंगठा दाबायला लावला. "कोणी केल्यानी ता कळाक व्हया." माझ्या अंगठ्यावर पतंगाच्या मांज्याने कापल्याची आडवी खूण होती. ती लाडवात स्पष्ट उमटली. मला कोण अभिमान!

ताट मीच पोचवलं. तासाभराने नळावर गेलो, तर कचऱ्याच्या डब्यात सगळ्यात वर आमचे लाडू. सगळेच. एकावर माझी आडवी खूण... मी रडत घरी आलो. काकीने माझे डोळे पुसले, ओरडली नाही, भांडायला गेली नाही. फक्त म्हणाली, "बरां."

पुढच्या दिवाळीला तिने पुन्हा आम्हा पोरांना बसवलं. तेच डाळं, तेच केळं, तेच अंगठे. या वेळी ताट घेऊन ती स्वतः गेली, मागोमाग आमची वरात. सरोजकाकूंचा चेहरा उतरला. "गेल्या वर्षीचे आंबले हो, म्हणून टाकावे लागले," त्या म्हणाल्या. तासाभरात आंबले! काकी हसून म्हणाली, "तां खरां. म्हणान आता माझ्यासमोरच एक खावा." आणि खाईपर्यंत दारातून हलली नाही.

संप कधी मोडला ते कुणालाच नीट सांगता येत नाही. काकांना मिल पुन्हा मिळाली नाही. काकीने खाणावळ चालवली, आमच्या घरात गॅस आला, पुढे तूपही आलं, काजूही आले. पण सरोजकाकूंच्या ताटात दर दिवाळीला तेच बिनचुलीचे, केळ्याचे लाडू. पोरं बदलली, अंगठे बदलले. माझ्या मुलीनेही दाबला. टॉवर झाल्यावर सरोजकाकूंना चौदावा मजला मिळाला, तरी काकी गुडघे धरत लिफ्टने वर जायची, आणि एक लाडू समोर खाऊ घालून यायची. एकदा मी म्हणालो, "पुरे ना आता काकी, म्हाताऱ्या झाल्या त्या." तिने माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. "मी गेलंय तरी तिचा ताट रिकामा पाठवू नको. तिका ताच व्हया आसा."

यंदा आमच्याकडे दुखवट्याची दिवाळी. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात वर्षभर सणाला कढई चढत नाही. फराळ शेजाऱ्यांनी आणायचा, आणि त्या घरातून ताट रिकामं गेलं तर कुणी नावं ठेवत नाही. सरोजकाकूंचं ताट नातवाबरोबर आलं. तेच ताट, नाव झिजलेलं. बायको म्हणाली, "धुऊन देते." क्षणभर मलाही वाटलं, द्यावं तसंच, रिकामं, तोंडावर... मग आठवलं की आमच्या लाडवांना कढई लागतेच कुठे?

मजल्यावरची पोरं गोळा केली. मिक्सर होता, तरी डाळं खलबत्त्यातच कुटायला लावलं. शेवटचा लाडू मी वळला आणि अंगठा दाबला. खूण अजून आहे.

सरोजकाकूंनी दार स्वतः उघडलं. काठी टेकत, तोंडात दात नाहीत. ताट बघून त्यांनी सुरुवात केली, "अरे, त्या वर्षी ना, मी..."

"आधी लाडू खा, काकू," मी म्हणालो.

त्यांनी खाल्ला. चघळत, घोट घोट पाणी पीत, शेवटच्या कणापर्यंत. मी दारातून हललो नाही. लोक म्हणतील, किती ही खुन्नस! असू दे. खाली येताना लिफ्टमध्ये मी एकटाच होतो, आणि काकी गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं. देवाजवळ एवढंच मागितलं, या बाईला शंभर वर्षं आयुष्य दे. अजून पुष्कळ दिवाळ्या व्हायच्यात.