मी फेकलेले नऊ दगड

मी कुवेतला आलो गवंडी म्हणून. गुडघे गेले तेव्हा एका सर्व्हेवाल्याने मला ड्रायव्हर आणि हमाल असा दोन्हीला मिळून ठेवला. शाळेचं म्हणाल, तर दुसरीतच मास्तर आणि मी एकमेकांना कंटाळलो होतो. त्यामुळे किनाऱ्यावरच्या दगडांचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या मॅडमबरोबर ड्युटी लागली तेव्हा जलीबला आम्ही कामगार राहतो त्या खोलीतले सगळे हसले. एक म्हणाला, दगड वाहायला दगडच पाठवलाय.

मीना अब्दुल्ला बंदराच्या खालच्या अंगाला ओहोटीला फरशा उघड्या पडतात. एकावर एक, समुद्राकडे उतरत्या. नुसती वाळू आणि शिंपले, चुन्याने धरलेले. मॅडम म्हणाल्या, हे समुद्रानेच जोडलंय. मी मान डोलावली, पण पटलं नाही. आमच्या रायगडात दगड म्हणजे काळा, छिन्नीला उलट उत्तर देणारा. हे तर कुणा कॉन्ट्रॅक्टरने सिमेंट वाचवून ओतलेलं. तरी त्यांनी दाखवलं तिथून नऊ तुकडे काढून दिले. त्यांनी ते नऊ पिशव्यांत भरले, प्रत्येकीवर नंबर, आणि गाडीत ठेवले.

मग त्या लांब मोजमापं घेत होत्या, तेवढ्यात मी गाडी वळवायला गेलो आणि चाकं वाळूत रुतवली. वजन कमी करायला पहिलं काय काढलं? तर ते तुकडे. पिशव्या चेनवाल्या, भारीतल्या, म्हणून रिकाम्या करून छान घड्या घालून ठेवल्या. गाडी निघाली. मी खूश.

मॅडम आल्या, ढीग बघितला आणि तिथेच खाली बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"काका, कुठला तुकडा कुठल्या थराचा, आता कसं कळणार? इथे तोडायची परवानगी आजच्यापुरतीच होती हो."

मग सुचलं, घाव तर माझ्याच छिन्नीचे. म्हटलं, "मॅडम, दाढ जिथली तिथेच बसते. एकेक लावून बघू."

तुकडे निघाले त्या खाचांचे नंबर त्यांच्या वहीत होतेच. मी तुकडा लावायचा, फिरवायचा, बसला की त्या नंबर सांगायच्या. आठ बसले. तोवर पाणी चढलं आणि नववी खाच बुडाली. मी गुडघाभर पाण्यात वाकून, पँट भिजवत, बोटांनी चाचपत राहिलो. शेवटी खाच लागली. तुकडा असा बसला की काढताना नख तुटलं.

"नक्की हाच नऊ नंबर?"

"दुसरा उरलाच नाही ना, मॅडम."

त्या हसल्या. हसतच त्यांनी तो नवव्या पिशवीत घातला. पिशव्या मात्र माझ्या हातात दिल्या नाहीत. सगळ्या स्वतः उचलल्या आणि उतरेपर्यंत मांडीवर घेऊन बसल्या. मला जराही वाईट वाटलं नाही. मी त्यांच्या जागी असतो, तर मला गाडीची चावीसुद्धा दिली नसती.