दाजींची वीतभर फट

अक्काचा फोन आला तेव्हा मी जालन्यात दुकान उघडत होतो. "सुभाष, हे गेले रे," एवढंच म्हणाली. दाजी झोपेतच गेले होते. शहागडच्या रस्त्याला लागल्यावर डोळे भरून आले आणि त्यातच त्यांचा रागही आला, कारण त्यांच्या ओसरीवरचा पडदा शेवटपर्यंत बराबर झाला नव्हता… आता महिना उलटला, तरी तो राग गेलेला नाही.

माझं दुकान पडद्यांचं. अक्काचं घर हायवेला लागून, मागे गोदावरी. म्हणजे दिवसा ट्रकची धूळ आणि दिवेलागणीला मच्छर. अक्काच्या हातापायांवर चट्टे उठायचे, म्हणून मीच ओसरीला मोटारीवर गुंडाळणारा जाळीचा पडदा बसवायला घेतला. दाजींनी आयुष्यभर विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त केलेल्या, ते स्वस्थ कसले बसतात. स्टुलावर तेच चढले. वरची तुळईच तिरकी निघाली. पडदा एका अंगाला सरकून कडेच्या पट्टीत अडकायचा. पडदा ज्या नळीवर गुंडाळतो तिच्या एका टोकाला मी चिकटपट्टीचे वेढे देऊन तो सरळ केला, तर माझी पाठ वळताच दाजींनी ते काढून टाकले. "जास्त झाल्ते," म्हणाले. पुन्हा सगळं उतरवलं. अक्काने केलेला चहा तसाच निवून गेला.

शेवटी रिमोटवर खालचं लिमिट बांधून दिलं. पडदा फरशीला टेकला की मोटर थांबणार. पुढच्या खेपेला पाहतो तर पडदा वीतभर वरच थांबलेला, आणि खालून मच्छर आत.

"दाजी, हे कुणी केलं?"

"मी काय करू? तुमची मोटरच मानत न्हाई, पाव्हणं."

मी पुन्हा लिमिट बांधलं. पुन्हा वीतभर फट. मोटर बदलली, रिमोट बदलला, माल देणाऱ्याशी फोनवर भांडलो. हा माल गिऱ्हाइकांना विकावा की नाही, या विचाराने माझी झोप उडाली. दाजी मात्र खुर्चीत बसून पायांवर चापट्या मारत म्हणायचे, "बिलकुल बेकार माल देऊन राह्यले तुम्ही." घरच्याच माणसाकडून हे ऐकून डोकं नुसतं फिरायचं.

परवा मुद्दाम गेलो. अक्का आता एकटी. निदान मच्छरांतून तरी तिला सोडवायचं, असं ठरवलं होतं. लिमिट बांधलं, पडदा खाली-वर केला… दर वेळी तो नीट फरशीला टेकला. दुपारभर टेकत राहिला. मोटरीला काही झालंच नव्हतं.

तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून अक्का बाहेर आली आणि पडद्याकडे पाहत थांबली. "फट कुठं गेली?"

मोटर आधीपासून ठीकच होती असं मी सांगितलं, तशी ती दाजींच्या खुर्चीत बसली. "मी एकदा म्हणल्ते, दिवा लावताना दार बंद असलं की लक्ष्मी परत जाती. तर लई हसले मला. मंग दुसऱ्या दिवसापासून ही फट. पडदा बी खाली, दार बी उघडं. मला सांगितलं, मोटर खराब हाये."

"आणि तुला खरं वाटलं?"

"न्हाई रे. मच्छर तर मलाच जास्त चावायचे. बंद करा म्हणावं वाटायचं. पण त्यांनी माझ्यासाठी केल्तं नं… मंग न्हाई बोलले."

म्हणजे एकाने सांगायचं नाही, दुसरीने बोलायचं नाही, आणि मध्ये मी मोटारी बदलत बसायचं. दाजी समोर असते तर कडाकडा भांडलो असतो. ते नाहीत, याचाच मग जास्त संताप आला.

"आता टेकलेलाच राहू दे ना?" मी विचारलं.

अक्काने वाकून पडद्याच्या खालच्या दांडीला हात लावला. मग म्हणाली, "त्यांची वीत केवढी व्हती, ध्यानात हाये का तुझ्या?"

मी माझी वीत लावून पाहिली. दाजींचा पंजा मोठा होता, एवढंच आठवलं. मग कडेच्या पट्टीवर नजर गेली. पडद्याची दांडी रोज जिथं थांबायची, तिथं धुळीची स्पष्ट रेघ उमटली होती. मी रिमोट घेतला आणि लिमिट त्या रेघेवर बांधलं.

पडदा खाली आला, रेघेवर थांबला. अक्का आणि मी पायांवर चापट्या मारत अंधार पडेपर्यंत तिथंच बसून राहिलो.