पेणच्या बाजारातलं सूप

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे उभी राहते तेव्हासुद्धा घाईघाईने भलतंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. ऐका, एवढंच.

मी जोह्याची. वडिलांचा गणपतीचा कारखाना, घरात बाराही महिने मातीचा आणि रंगाचा वास. दिलं रोह्याला, मास्तरांच्या घरात. सासूबाईसुद्धा प्राथमिक शाळेतून रिटायर झालेल्या, कडक, पण मायाळू. नवऱ्याला मस्कतला नोकरी लागली आणि आमचं बिऱ्हाड तिकडे गेलं. तिकडचं सुख म्हणजे काय, सांगू? न उघडणाऱ्या खिडक्या. नवरा सकाळी गाडी घेऊन गेला की मी आणि एसीची घरघर. बाहेर ऊन असं, की पायी दुकानात जायची सोय नाही. बोलायला कुणी नाही. मी भांड्यांशी बोलायचे — खरंच बोलायचे, हसू नका.

सुटका झाली ती मुलाच्या शाळेमुळे. इंटरनॅशनल शाळा, नाना देशांची पोरं, आणि फाटकाशी उभ्या त्यांच्या आया. माझं इंग्रजी म्हणजे आनंदच होता. पण एका ऑस्ट्रेलियन बाईनं हाताला धरून मला कॉफीला नेलं, शेजारी बसवलं. मग केक विकायला बोलावलं, मग सहलीला. कुठची म्हणून विचारलं तर मी मुंबई सांगायचे. जोहे, रोहा कोण समजून घेणार? त्या बायका सोडल्या तर मला तिथे कुणीच नव्हतं, आणि त्या उद्या विसरतील या भीतीने मी त्यांच्या प्रत्येक गोष्टीला मान डोलवायचे.

आता ओवशाचं सांगते. आमच्याकडे नव्या सुनेनं गौरीपुढे पहिला ओवसा करायचा असतो. सुपांत पानं, फळं, काकडी, खोबरं भरायचं, सूप गौरीपुढे ओवाळायचं आणि मग थोरांच्या हातात द्यायचं. पहिलं सूप सासूचं. पण हा पहिला ओवसा कुठल्याही वर्षी नाही होत, गौरी पावसाच्या पूर्वा नक्षत्रात यायला लागते. माझ्या लग्नानंतर कधी योग नाही, कधी सुतक, कधी बाळंतपण. पोरगा शाळेत गेला तरी राहिलाच. आणि धाकटी जाऊ, शैला, माझ्यासाठी खोळंबलेली, कारण थोरलीच्या आधी धाकटीचा करायचा नाही अशी घरातली रीत.

त्या वर्षी योग आला. सासूबाईंचा फोन — या गो, सुपं आणून ठेवल्यात. मी शाळेच्या मुख्य बाईंना सुट्टीचं विचारलं. त्या म्हणाल्या, खुशाल जा, मुलाला सण बघू दे! म्हणजे शाळेनं अडवलं नव्हतं, कळलं ना? पण त्याच आठवड्यात शाळेत इंटरनॅशनल डे होता आणि भारताचा कार्यक्रम माझ्याकडे दिलेला. पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी दिलं होतं. मी गेले आणि दुसरीनं तो केला तर?

मी फोनवर सांगितलं — शाळा सुट्टी देत नाही, आई. नाव काढून टाकतात.

त्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही. "शाळेचा नियम म्हंजे नियम गो. पोराचं नुकसान नको." जन्म शाळेत काढलेली बाई ती, तिला हे लगेच पटलं. मला ते ठाऊक होतं म्हणूनच तर मी शाळेचं नाव घेतलं!

मग त्यांनी भटजींना विचारून वाट काढली. मस्कतला निघालेल्या नागोठण्याच्या एका माणसाबरोबर सुपं पाठवली, हळदकुंकू लावून, जुन्या लुगड्यात गुंडाळून. फोनवर म्हणाल्या, तिथेच गौरीचं चित्र मांड, ओवस, आणि माझं सूप येताना घेऊन ये. तेवढं करायला मला काय धाड भरली होती? पण मी ती सुपं शाळेच्या स्टेजवर नेली. पीटीच्या गोऱ्या बाईला साडी गुंडाळली, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट घातला, खुर्चीवर गौरी म्हणून बसवली आणि तिच्यापुढे माझा पहिला ओवसा केला. ती मध्येच खुदकन हसली, सगळा हॉल हसला. मीसुद्धा. टाळ्या काय पडल्या! मला लाज वाटली असेल असं वाटतंय तुम्हाला? छे. मी इतकी खूश त्या गावात कधीच नव्हते.

घरी येऊन फोन केला — झाला ओवसा, आई. त्या रडल्या. म्हणाल्या, आता शैलाला मोकळी करते.

आणि मुख्य बाईंना सुपं इतकी आवडली, की त्यांनी ती दरवाजाशी काचेच्या कपाटात मांडली. खाली पाटी, भारत. परत मागू कशी? देवाची आहेत, सासूची आहेत म्हटलं, तर मग स्टेजवर का आणलीस, हे आलंच. रोज पोराला सोडताना त्या कपाटावरून जायचं, आणायला जाताना पुन्हा जायचं. शेजारून कुणीतरी कौतुकानं म्हणायचं, तुझी ना गं ही? मी म्हणायचे, हो.

मे महिन्यात आलो. रोह्याला जायच्या आधी मी पेणच्या बाजारात बुरडाकडून नवं सूप घेतलं. जोह्याला कारखान्याच्या कोपऱ्यात बसून त्याला हळद चोळली, चहाचं पाणी लावलं, कुंकवाचे डाग पाडले. बाबांनी विचारलं, "काय करतंस गो?" म्हटलं, शाळेसाठी हाय. बघा, पुन्हा शाळाच.

रोह्याला सासूबाईंनी ते सूप डोक्यावर पदर घेऊन, दोन्ही हातांनी घेतलं. कपाळाला लावलं. ओवसा घेतला की सुनेला काहीतरी द्यायचं असतं. त्यांनी हातातल्या पाटल्या काढल्या. निघेनात, तर साबण लावून काढल्या. मी हात पुढे केले.

पुढे सांगायला वेळ नव्हता का? होता की. शेवटच्या आजारात मी महिनाभर त्यांच्या उशाशी होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, शाळा लय कडक होती हो, पण माझ्या सुनेनं परमुलखात ओवसा चुकवला नाय. मी पाण्याचा पेला धरून उभी असायचे. पळायला जागा नव्हती, आणि खरं बोलायला तोंड नव्हतं.

त्या गेल्या. सूप देवघरात आहे. शैला दरवर्षी गौरीशेजारी मांडते, आईंचं सूप म्हणून बायका त्याच्या पाया पडतात, आणि मला आधी हात लावायला लावतात.

यंदा माझ्या सुनेचा पहिला ओवसा. काल शैलाचा फोन आला. म्हणाली, ताई, नव्या सुनेचं पहिलं सूप म्हणून देवघरातलं आईंचंच भरूया का? नाहीतरी त्यापरीस पवित्र घरात काय हाय?

मी हो म्हणाले.