हिरवा बोया कुठल्या हाताला?

"सर, डेप्थ कमी होतीये," सुकाणू धरलेला ट्रेनी म्हणाला. पुढच्या मिनिटाला समोरचे सगळे स्क्रीन थिजले. जहाज गाळात रुतलं होतं.

जहाज खोटं होतं. ओझरकडून हायवेला लागताना आमचं ट्रेनिंग सेंटर आहे. बाहेर टोमॅटोची शेतं आणि आत ब्रिज सिम्युलेटर. ब्रिज म्हणजे जहाज चालवायची खोली. सिम्युलेटरमध्ये तिच्या खिडक्यांच्या जागी मोठे स्क्रीन असतात. त्यात समुद्र, धुकं, बंदर, सगळं दिसतं. जमीन जागची हलत नाही, तरी नवख्यांना मळमळतं. मी मूळचा इथल्याच मढ गावचा. तीसेक वर्षं जहाजांवर काढली, आता इथं शिकवतो.

त्या दिवशी परीक्षा संदीपची होती. येडगावचा, सेकंड ऑफिसर. कंपनीनं त्याला बजावलं होतं, रिपोर्ट चांगला आला तरच पुढचं जहाज. कॅप्टनच्या जागी मी उभा होतो. जहाज बंदरातून बाहेर काढायचं होतं.

बोया म्हणजे पाण्यातली वाट दाखवणारी तरंगती खूण. आपल्याकडं बंदरात शिरताना हिरवा बोया उजव्या हाताला ठेवायचा, बाहेर पडताना डाव्या. पहिल्या वर्षाचा कॅडेटही हे सांगेल. पण सकाळभर मी जहाजं आत आणायचे धडे घेतले होते, तेच डोक्यात बसलेलं. समोर हिरवा बोया दिसला आणि त्याला उजवीकडं ठेवायला मी ऑर्डर दिली, "पोर्ट टेन." म्हणजे डावीकडं वळवा. संदीपनं चार्टकडं, म्हणजे समुद्राच्या नकाशाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तोंड उघडलं आणि मिटलं. थोड्याच वेळात आम्ही गाळात रुतलो.

सेंटरच्या प्रमुख मॅडम कंट्रोल रूममधून बघत होत्या. "चूक छान पेरलीत," त्या मला म्हणाल्या. कॅप्टननं मुद्दाम चुकीची ऑर्डर द्यायची आणि ऑफिसर टोकतो का ते बघायचं, ही आमची नेहमीची पद्धत. "त्यानं टोकलं नाही. फेल."

मी हो म्हणून मान हलवली. लिहायला लाज वाटते, पण हलवली.

संदीप बाहेर बाकावर बसला होता.

"चूक दिसली नव्हती का?"

"दिसली व्हती सर."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी आमच्या आण्णांचं शाळंतलं दोस्त. घरी आलात की आमी पाया पडायचो. चारचौघांत तुमाला चुकलं कसं म्हणायचं?" मग खाली बघत म्हणाला, "माफ करा सर. तुमी मुद्दाम पारखलंत, मीच कमी पडलो."

मी तसाच मॅडमकडं गेलो.

"चूक पेरलेली नव्हती. माझीच होती."

त्यांनी चष्मा काढला. "मघाशी का नाही सांगितलंत?"

"त्याचा निकाल तेवढा बदला," मी म्हणालो.

"नाही कॅप्टन. चूक खरी होती, म्हणजे खरं जहाजही असंच रुतलं असतं. तो फेलच. आणि तुमचंही रिपोर्टमध्ये लिहिते. रिफ्रेशर कोर्स होईपर्यंत तुम्ही परीक्षा घ्यायच्या नाहीत."

संदीपचं जहाज हातचं गेलं. मी येडगावला जाऊन त्याच्या वडिलांना, आण्णांना, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला. निघताना मात्र दारापर्यंत आले नाहीत. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदा झालं.

माझा कोर्स झाला आणि संदीपची फेरपरीक्षा लागली. कॅप्टन मीच असावा असं त्यानंच मॅडमना सांगितलं. पुन्हा बंदर, पुन्हा धुकं. मी ऑर्डर दिली, "स्टारबोर्ड फाइव्ह." म्हणजे थोडं उजवीकडं.

"थांबा सर," संदीप म्हणाला. त्यानं चार्ट पाहिला, रडार पाहिलं. "बरोबर हाय. घ्या उजवीकडं."

मॅडमनी त्याला पास केलं. दोन महिन्यांनी त्याला दुसरं जहाज मिळालं.

ऑर्डर बरोबर असताना त्यानं मला सगळ्यांसमोर थांबवलं, तेव्हा मला राग आला होता. तो राग गिळायचा असतो, हे कुठल्याच कोर्सात शिकवत नाहीत.